सूत्रं कुणाच्या हातात? शेअरिंगच्या अ‍ॅप्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले की शेअरिंगच्या अ‍ॅप्समध्ये शेअरिंग कमी आणि धंदा जास्त असतो, आणि त्यावर एवढी पत्रं आली, एवढे मेल आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. काही जण चिडलेत, काही जणांना खरंच अडचण आहे, आणि एकाने तर मला कंपन्यांची शत्रू ठरवलंय, असो. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे सारखे सारखे आलेले प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

प्रश्न : नमस्कार ताई. अ‍ॅपवरून टॅक्सी बोलावली, ड्रायव्हरशी वाद झाला आणि त्याने मला अर्ध्या रस्त्यात उतरवलं, पैसे मात्र पूर्ण कापले गेले. कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो, पुढचं तुमचं तुम्ही बघा. म्हणजे नाव कंपनीचं, पैसे कंपनीकडे आणि जबाबदारी कुणाचीच नाही?

अहो, "आम्ही फक्त गाठ घालून देतो" या एका वाक्यावर हा सगळा धंदा उभा आहे, त्यामुळे ते वाक्य ते सहजासहजी सोडणार नाहीत. त्यामागचं गणित समजून घ्या. इंटरनेट नवीन होतं तेव्हा कायदे करणाऱ्यांनी विचार केला की नोटीस बोर्डावर कुणी काहीही चिकटवलं तर बोर्डवाल्याला का धरायचं, आणि ते बरोबरच होतं. अमेरिकेत १९९६ साली कलम २३० आलं, युरोपात २००० साली ई-कॉमर्सचा निर्देश आला, दोन्हींचा सूर साधारण हाच की मधल्याला सांभाळून घ्या. त्या काळात हे अ‍ॅपवाले नव्हतेच, लोकांची घरं पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणारी एअरबीएनबी २००८ ची आणि टॅक्सीवाली उबर २००९ ची. ते आले आणि बोर्डवाल्यासाठी शिवलेला अंगरखा त्यांनी घातला. आता बोर्डवाला भाडं ठरवत नाही, पैसे स्वतःच्या खात्यात घेत नाही, आणि चिठ्ठी चिकटवणाऱ्याला काढूनही टाकत नाही, पण अंगरखा घातलाय म्हटल्यावर विचारणार कोण?

विचारलं बार्सिलोनाच्या टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने. ते प्रकरण युरोपियन युनियनच्या कोर्टापर्यंत गेलं आणि २० डिसेंबर २०१७ ला कोर्टाने सांगितलं की उबरची हौशी ड्रायव्हरांची सेवा ही नुसती इंटरनेट सेवा नाही, ती वाहतूक सेवा आहे, त्यामुळे वाहतुकीचे नियम लागणार. कारण काय दिलं ते महत्त्वाचं आहे. एक तर हे अ‍ॅप नसतं तर ते हौशी, बिनपरवाना ड्रायव्हर या धंद्यात आलेच नसते, आणि दुसरं, भाड्याची वरची मर्यादा कंपनी ठरवते, पैसे आधी कंपनीकडे येतात, गाडी कशी हवी आणि ड्रायव्हर कसा हवा हेही तीच बघते, आणि नको असेल त्याला बाहेरही काढते.

आता गंमत बघा, जवळजवळ दोन वर्षांनी, म्हणजे १९ डिसेंबर २०१९ ला, त्याच कोर्टाने एअरबीएनबीबद्दल उलटं सांगितलं. फ्रान्समधल्या हॉटेलवाल्यांच्या संघटनेचं म्हणणं होतं की यांनी घरं भाड्याने देणाऱ्या एजंटासारखा परवाना घ्यायला हवा, १९७० चा तसा कायदा आहे. कोर्ट म्हणालं नाही, कारण भाडं घरमालक स्वतः ठरवतो आणि घर भाड्याने द्यायचे इतर शंभर मार्ग आधीपासून आहेत, या साइटवाचून त्याचं काही अडत नाही. २०२० मध्ये रोमानियातल्या बुखारेस्टच्या एका टॅक्सी अ‍ॅपलाही तसंच वेगळं काढलं, कारण ते आधीच परवाना असलेल्या टॅक्सीवाल्यांकडेच गिऱ्हाईक पाठवायचं आणि भाडं ठरवत नव्हतं. लोक म्हणतात की कोर्ट गोंधळलंय. मला नाही तसं वाटत, उलट तिन्ही निकालांत एकच प्रश्न विचारलाय की बाबा रे, सूत्रं कुणाच्या हातात आहेत?

तुमच्या बाबतीत भाडं त्यांनी ठरवलं, पैसे त्यांनी कापले, ड्रायव्हर त्यांनी धाडला, त्यामुळे "बाकी तुमचं तुम्ही" हे मी तरी ऐकून घेतलं नसतं. लंडनमध्ये तर डिसेंबर २०२१ मध्ये हायकोर्टाने सरळच सांगितलं की प्रवाशाशी करार टॅक्सी चालवणाऱ्या कंपनीचाच असला पाहिजे, ड्रायव्हरच्या नावावर तो ढकलता येणार नाही. सगळीकडे इतकं स्वच्छ नाहीये, म्हणून आधी एक करा, त्या ट्रिपचं बिल उघडा आणि वर कुणाचं नाव आहे ते बघा, मग पैसे कुणाच्या नावाने कापले गेले ते बघा, नकाशावर गाडी कुठे थांबली त्याचा स्क्रीनशॉट काढा, आणि तक्रारीत शिव्या न घालता एवढंच विचारा की माझा करार कुणाशी झाला ते लेखी कळवा. या प्रश्नाला त्यांना छापील उत्तर पाठवता येत नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ डिलिव्हरी करतो. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, पार्टनर म्हणते. रजा नाही, आजारी पडला तर काही नाही. तो मात्र खुश आहे, म्हणतो मीच माझा मालक. खरंच आहे का हे?

भावाला एकदा शांतपणे विचारा, मालक असशील तर आजचा रेट तू ठरवलास का? खरं उत्तर त्याच्या मोबाइलच्या स्क्रीनवरच असतं. फोन वाजतो, स्क्रीनवर एक गोल उलटं मोजत असतो, काही सेकंदांत हो की नाही ते ठरवायचं, त्यात रस्त्यावर लक्ष ठेवायचं, आणि दोन-चार वेळा नाही म्हटलं की पुढचा तासभर फोन गप्प. ही मालकी मोठी विचित्र आहे बुवा.

या विषयावर मला सगळ्यात आवडतो तो ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचा १९ फेब्रुवारी २०२१ चा निकाल, उबरच्या ड्रायव्हर्सचा. करारात लिहिलं होतं की ड्रायव्हर स्वतंत्र धंदेवाईक आणि कंपनी नुसती त्यांची एजंट. म्हणजे एकट्या लंडनमध्ये तीसेक हजार छोटे छोटे धंदे, आणि कंपनी त्यांची सेवेकरी, खालच्या ट्रायब्युनलने २०१६ मध्येच या कल्पनेची टर उडवली होती. सुप्रीम कोर्टाने करार बाजूला ठेवला आणि प्रत्यक्षात काय चालतं ते बघितलं. भाडं कंपनी ठरवते. कराराच्या अटी कंपनीच्या, त्यात ड्रायव्हरला एक शब्द बदलता येत नाही. प्रवासी गाडीत बसेपर्यंत जायचं कुठे हे ड्रायव्हरला सांगितलं जात नाही. जास्त वेळा नकार दिला की आधी ताकीद, मग दहा मिनिटांसाठी अ‍ॅपमधून आपोआप बाहेर. रेटिंग घसरलं तर काम बंद. आणि प्रवासी व ड्रायव्हर यांची परस्पर ओळख होऊ नये, पुढच्या वेळी थेट फोन जाऊ नये, याचीही पुरेपूर काळजी. एवढं सगळं बघून सहा न्यायाधीशांच्या खंडपीठाने एकमताने सांगितलं की हे 'वर्कर' आहेत, म्हणजे पूर्ण नोकरदार नाहीत पण किमान वेतन आणि पगारी सुट्टी यांना मिळायलाच हवी.

पण खरी मारामारी पुढे आहे, आणि ती वाट बघण्याच्या वेळेवरून आहे. तुमचा भाऊ आठ तास रस्त्यावर असेल तर त्यातले किती तास त्याच्या पाठीवर ऑर्डर असते? उरलेले तास तो कोपऱ्यावर गाडी लावून फोनकडे बघत बसलेला असतो, ते तास कुणाच्या खात्यात घालायचे? ब्रिटनच्या कोर्टाने सांगितलं की अ‍ॅप चालू आहे, ड्रायव्हर त्याच्या हद्दीत आहे आणि काम घ्यायला तयार आहे, तर तो वेळ कामाचाच. निकालानंतर कंपनीने किमान वेतन द्यायचं जाहीर केलं खरं, पण ट्रिप स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतच्या वेळेचं. कॅलिफोर्नियातही हीच खोच आहे, तिथे २०२० पासून कडक कायदा आला होता, त्यानुसार यातले बरेच जण कर्मचारी ठरले असते, मग कंपन्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन २२ नावाचं सार्वमत घडवून आणलं, प्रचारावर २० कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि जिंकल्या. आता तिथे ड्रायव्हर स्वतंत्र कंत्राटदार, त्याला किमान वेतनाच्या १२० टक्के कमाईची हमी, वाचायला किती छान वाटतं, पण ती हमी फक्त काम हातात असतानाच्या वेळेला. वाट बघणं फुकट. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते सार्वमत कायम ठेवलं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल ताई एकतर्फी लिहितात. ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या अ‍ॅपच्या रायडर्सना कामगार मानायला नकार दिला, कारण त्यांच्या करारात आपल्याऐवजी दुसऱ्या कुणालाही पाठवायची मुभा होती आणि ती खरीखुरी होती, नुसती कागदावर नव्हती. त्यामुळे भावाच्या करारात ही बदली माणसाची ओळ आहे का ते बघा, एका ओळीने चित्र फिरतं.

बाकी देशांचं म्हणाल तर स्पेनने २०२१ मध्ये डिलिव्हरीवाल्यांना कर्मचारी धरायचा कायदा केला. युरोपियन युनियनचा २०२४ चा निर्देश आहे, सदस्य देशांना तो २ डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचाय, त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे नियंत्रणाच्या खुणा दिसल्या की माणूस कर्मचारी असं धरून चालायचं आणि नाही हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. भारताने वेगळीच वाट धरलीये, २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली, ती प्लॅटफॉर्म कामगार अशी स्वतंत्र व्याख्या करते, त्याला कर्मचारी म्हणत नाही, पण अ‍ॅपवाल्या कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची असं सांगते, आणि कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्के ही त्यावरची मर्यादा. म्हणजे विम्याची, आजारपणाची काहीतरी सोय, पण रजा आणि किमान वेतनाचं भांडण तिथेच. मला हा मधला मार्ग अर्धवट वाटतो, पण अजिबात काही नसण्यापेक्षा बरा.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये आहे, रोज कार घेऊन जातो आणि अ‍ॅपवरून दोघा-तिघांना सोबत नेतो, ते पेट्रोलचे पैसे देतात. मित्र म्हणतो पकडतील. टॅक्सीचा परवाना लागतो का?

नाही रे, घाबरू नकोस. तू जाणारच होतास, सोबत कुणी आलं आणि खर्च वाटून घेतला, तर याला बहुतेक ठिकाणचे कायदे धंदा मानत नाहीत. रेघ कुठे आहे, तर तू खर्चापेक्षा जास्त घ्यायला लागलास की, किंवा तुला जायचं नसताना केवळ पैशासाठी गाडी काढलीस की. ब्लाब्लाकार हे सहप्रवासी जोडून देणारं अ‍ॅप याच कारणासाठी माणशी किती मागायचे यावर मर्यादा घालतं, आणि स्पेनमध्ये बसवाल्यांच्या संघटनेने त्यांना कोर्टात खेचलं तेव्हा २०१७ मध्ये माद्रिदच्या कोर्टाने बसवाल्यांचा दावा फेटाळला तो यामुळेच. खरं सांगू का, या सगळ्या पत्रांत शेअरिंग हा शब्द शोभतो असं तुझं एकट्याचंच आहे. फक्त विम्याची पॉलिसी काढून वाच, पैसे घेऊन माणसं नेण्याबद्दल तिच्यात काय लिहिलंय ते, कारण पोलिसांपेक्षा विमा कंपनी जास्त बारकाईने बघते.

प्रश्न : घर माझं, कर्ज मी फेडलं, एक खोली रिकामी असते ती पाहुण्यांना दिली तर नोंदणी करा, परवाना काढा, अमुकच दिवस द्या, हे कशासाठी? सरकारला दुसरं काम नाही का?

तुमचा राग कळतो, आणि खोली एकच असेल व तुम्ही स्वतः घरात राहत असाल तर तो थोडा रास्तही आहे. पण नियम तुमच्यासाठी झालेलेच नाहीत, ते झालेत त्या माणसासाठी जो एका इमारतीतले सहा फ्लॅट घेतो, एकातही राहत नाही आणि सगळे पर्यटकांना रात्रीच्या हिशोबाने देतो. महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा जास्त पैसे देतो ना, मग राहायला घर शोधणाऱ्याला घर मिळत नाही, आणि जिन्यातून रात्री दोन वाजता बॅगांची चाकं खडखडत राहतात ती वेगळीच.

म्हणून बहुतेक शहरांनी बंदी न घालता रात्री मोजायला सुरुवात केली. लंडनमध्ये २०१५ पासून वर्षाला ९० रात्री, त्याहून जास्त हव्या तर परवानगी. अ‍ॅमस्टरडॅमने ६० वरून २०१९ पासून ३० वर आणल्या. पॅरिसमध्ये राहत्या घरासाठी १२० होत्या, २०२५ पासून ९०. न्यूयॉर्कने ५ सप्टेंबर २०२३ पासून जो नियम लावला तो सगळ्यात कडक, तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमान स्वतः त्याच घरात हवा, पाहुणे दोनच, नोंदणी नंबर हवा. बार्सिलोनाने तर जून २०२४ मध्ये जाहीरच केलं की पर्यटक फ्लॅट्सचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपू द्यायचे, नवे करायचे नाहीत.

आता कळीचा मुद्दा. नियम मोडला तर धरायचं कुणाला, हजारो घरमालकांना की एका साइटला? इन्स्पेक्टर दारोदार फिरून किती फिरणार. न्यूयॉर्कने म्हणून डोकं लावलं, नोंदणी नंबर तपासल्याशिवाय साइटने बुकिंगचे पैसेच घ्यायचे नाहीत, बस. ही युक्ती त्यांच्याआधी कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराने केली होती, तिथे कंपन्या कलम २३० चा तोच जुना अंगरखा घालून कोर्टात गेल्या की जाहिरात लोकांनी टाकलीये, आम्ही काय करणार. २०१९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की जाहिरात ठेवा नाहीतर काढा, आम्ही त्याबद्दल बोलतच नाही आहोत, आम्ही बोलतोय बुकिंगबद्दल, आणि ते तुम्हीच करता. पॅरिसच्या कोर्टाने २०२१ मध्ये नोंदणी नंबर नसलेल्या हजाराहून जास्त जाहिरातींसाठी एअरबीएनबीला ८० लाख युरोंच्या वर दंड केला. आणि युरोपियन कोर्टाने २०२० मध्ये हेही मान्य केलं की घरांची खरीच टंचाई असेल तर शहराला आधी परवानगी घ्या असं म्हणता येतं. २० मे २०२६ पासून तर युरोपियन युनियनभर एकच पद्धत, नोंदणी असेल तिथे नंबर जाहिरातीत दाखवायचा आणि रात्रींचा हिशोब साइटने सरकारला पाठवायचा.

तुम्ही काय करायचं? नोंदणी करून टाका, एका खोलीला फार त्रास नसतो, आणि सोसायटी किंवा गृहसंस्थेचे नियम आधी वाचा, कारण सरकारने हो म्हटलं तरी शेजारी नाही म्हणू शकतात आणि माझ्या अनुभवात जास्त खटले शेजाऱ्यांचेच असतात.

प्रश्न : चार वर्षं एका अ‍ॅपवर काम केलं. एक दिवस सकाळी लॉगिन केलं तर लाल अक्षरांत मेसेज, नियमभंगामुळे तुमचं खातं बंद करण्यात आलं आहे. कुठला नियम, कधी मोडला, काही नाही. फोन उचलत नाहीत, चॅटवर मशीन बोलतं. मी काय करू?

तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले. नोकरीतून काढताना निदान समोर बोलावून सांगतात, इथे एक ओळ.

कायद्याला हे कळलंय, उशिरा का होईना. युरोपात २०२० पासून नियम आहे की साइटवर धंदा करणाऱ्याचं खातं कायमचं बंद करायचं तर कारणासकट ३० दिवस आधी कळवायचं, वारंवार नियम मोडल्यासारखे अपवाद सोडून. डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांना लागू झाला, त्यात तर कारण स्पष्ट लिहून द्यायचं, तक्रारीची अंतर्गत सोय ठेवायची, आणि तक्रारीचा निकाल नुसत्या मशीनवर सोडायचा नाही, अशी सक्ती आहे, अगदी छोट्या कंपन्यांना त्यातल्या काही गोष्टींतून सूट आहे. पण सगळ्यात रंगलेलं प्रकरण अ‍ॅमस्टरडॅमच्या अपील कोर्टातलं, एप्रिल २०२३ चं. उबरच्या काही ड्रायव्हर्सना फसवणुकीच्या संशयावरून काढलं होतं, त्यांनी डेटा संरक्षणाच्या कायद्यातलं कलम २२ पुढे केलं, म्हणजे माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय फक्त कॉम्प्युटरने घ्यायचा नाही. कंपनी म्हणाली की आमची माणसं बघतात की. कोर्टाने तपासलं आणि म्हणालं की ही माणसं बघतात ते नावापुरतं. शिक्का मारायला माणूस बसवला म्हणजे निर्णय माणसाचा होत नाही.

आता तुमचं. खातं बंद झालं तरी तुमचा डेटा तुमचाच राहतो. जिथे डेटा संरक्षणाचा कायदा आहे तिथे लेखी मागा, माझ्याबद्दलची सगळी माहिती द्या, ट्रिपा, रेटिंग, तक्रारी, आणि निर्णय कुणी घेतला तेही सांगा. हे चॅटवर मागू नका, कंपनीच्या प्रायव्हसीच्या पानावर तळाला एक मेल असतो, त्यावर मागा, तिथे तारीख नोंदली जाते. कमाईचे जुने हिशोब बँकेच्या स्टेटमेंटमधून आजच काढून ठेवा. आणि संघटना असेल तर जा, एकट्याने भांडू नका, वर सांगितलेली बरीच प्रकरणं संघटनांनीच लढवलीत.

प्रश्न : ताई, मी 'मान्य आहे' वर क्लिक केलंय. आता काही बोलायचा हक्क उरतो का?

उरतो. कॅनडातली गोष्ट सांगते. टोरांटोत एक माणूस अ‍ॅपसाठी जेवण पोचवायचा. त्याने तक्रार केली तर कंपनी म्हणाली की अटी वाच, भांडण असेल तर लवाद, आणि तोही नेदरलँड्समध्ये, आणि लवाद सुरू करायलाच सुमारे १४,५०० अमेरिकन डॉलर भर. म्हणजे त्याची जवळपास वर्षभराची कमाई. २६ जून २०२० ला कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द ठरवली, ज्याच्याकडे घासाघीस करायची काही ताकदच नव्हती त्याच्यावर लादलेली अट न्याय्य नाही असं म्हणून. त्यामुळे क्लिक केलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण प्रत्येक अट कोर्ट मोडून देईल असंही नाही. अख्ख्या अटी कुणीच वाचत नाही, मीही नाही, तीनच गोष्टी शोधून वाचते, भांडण कुठल्या देशात, खातं कधी बंद करू शकतात, आणि नुकसान झालं तर ते कितीपर्यंत देणार.

प्रश्न : घरातल्या जुन्या वस्तू साइटवर विकते. आता साइटने टॅक्स नंबर मागितलाय. मी काय दुकानदार आहे का?

बहुतेक नाही आहात. बल्गेरियात एका बाईंनी एका साइटवर आठ जाहिराती टाकल्या होत्या, त्यातलं एक वापरलेलं घड्याळ कुणीतरी घेतलं, ते वर्णनासारखं निघालं नाही, त्यांनी परत घ्यायला नकार दिला. त्या व्यापारी आहेत की साध्या गृहिणीसारख्या कुणी, यावर ग्राहक कायदा लागतो की नाही ते ठरणार होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये युरोपियन कोर्ट म्हणालं की नुसत्या आठ जाहिरातींवरून कुणी व्यापारी होत नाही, नियमित विकता का, नफ्यासाठी विकता का, विकण्यासाठीच विकत आणता का, हे सगळं बघायचं. तुमच्या माळ्यावरचा पसारा म्हणजे दुकान नाही.

टॅक्स नंबर हा वेगळा विषय. युरोपात २०२३ पासून साइट्सना विकणाऱ्यांची कमाई टॅक्स खात्याला कळवावी लागते, वस्तू विकणारा वर्षात ३० पेक्षा कमी व्यवहार करत असेल आणि २,००० युरोंच्या आत असेल तर सुटतो. इतर देशही त्याच वाटेने चाललेत. कळवणं म्हणजे टॅक्स लागणं नव्हे, एवढं लक्षात ठेवा आणि नंबर देऊन टाका.

प्रश्न : एवढं सगळं माहीत असून तुम्ही स्वतः ही अ‍ॅप्स वापरता का?

पकडलंत. हो, वापरते, परवाच रात्री उशीर झाला म्हणून गाडी बोलावली. घरी आल्यावर पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं होतं म्हणून म्हटलं आपलंच बिल उघडून बघू, वर नाव कुणाचं आहे. अ‍ॅपचं नव्हतं. ड्रायव्हरचंही नव्हतं. तिसरीच कुठलीतरी कंपनी होती, जिचं नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना मेल टाकलाय, माझा करार कुणाशी झाला ते लेखी कळवा म्हणून. उत्तर आलं की छापते.